न चाखलेलं आंबट

नागलक्ष्मीनं चाळीस वर्षं लोकांच्या घरी श्राद्धाचा स्वयंपाक केला आणि या चाळीस वर्षांत ब्राह्मणांची पंगत उठायच्या आधी एक शीतही तिच्या जिभेला लागलं नाही. ही बढाई नव्हे. तंजावुरातल्या मराठी घरांत कुणालाही विचारा, हेच सांगतील. बाकीच्या स्वयंपाकिणी पळीतलं थेंबभर रसम तळहातावर घेऊन हळूच चाखतात आणि पदराला हात पुसून साळसूद चेहऱ्यानं उभ्या राहतात. नागलक्ष्मी त्यांना काही बोलायची नाही, फक्त ओठ मुडपायची. पितरांच्या पानावर जायचं अन्न आधी कुणी चाखलं की ते उष्टं झालं, आणि उष्टं पान बघून पितर उपाशी परत जातात, असं तिला सासूनं सांगितलं होतं. विस्तवानं हात भाजतो हे आपण जितक्या सरळपणे मानतो, तितक्याच सरळपणे तिनं ते मानलं.

ही सासू म्हणजे कामाक्षीबाई. नागलक्ष्मी एकोणिसाव्या वर्षी लग्न होऊन तंजावुरात आली आणि चार वर्षांत तिचा नवरा विषमज्वरानं गेला. मूलबाळ नव्हतं. कामाक्षीबाईंनी सुनेला माहेरी धाडलं नाही आणि कोपऱ्यात रडत बसूही दिलं नाही. वर्ष सरलं तसं तिच्या हाती पळी दिली आणि आपल्याबरोबर श्राद्धाच्या घरांतून फिरवायला लागल्या. बाई तोंडानं फटकळ होत्या, पण शिकवताना हातचं काही राखलं नाही. जीभ लावायची नाही म्हटल्यावर राहिलं नाक, आणि कामाक्षीबाईंनी सुनेला सगळं नाकानंच शिकवलं. डाळीत मीठ पडलंय का हे वाफेवरून ओळखायचं. चिंचेचा कोळ कच्चा आहे की उकळलाय, खिरीतलं दूध आटतंय की बुडाशी लागतंय, सगळं नाकानं. पाच-सहा वर्षांत नागलक्ष्मीचं नाक असं तयार झालं की ती शेजारच्या खोलीत पत्रावळी मांडता मांडता सांगायची, जिरं आता उतरवा.

या घरांतल्या माणसांना तमिळ मुलखात येऊन तीनशे वर्षं होऊन गेली. तोंडात मराठी आहे, तीही निम्मी तमिळ होऊन. देवनागरी वाचता येणारे हाताच्या बोटांवर मोजावेत, आणि पोरं आजीनं मराठीत विचारलं तर इंग्रजीत उत्तर देतात. पण बापाची तिथी चुकवायची नाही, हे मात्र पक्कं. त्या दिवशी सिंगापूरचा मुलगा लॅपटॉप बगलेत मारून विमानानं येतो, पाटावर उघड्या अंगानं बसतो आणि न कळणारे मंत्र पुरोहितामागून म्हणतो. त्यामुळे पश्चिम मुख्य रस्त्यामागच्या बोळात एका खोलीत राहणाऱ्या नागलक्ष्मीला कामाची कमतरता कधी पडली नाही.

आणि तिचं नाव निघालं की पिरंडैचं आंबट निघायचंच.

पिरंडै म्हणजे कुंपणावर आपोआप चढणारी चौकोनी कांड्यांची वेल. महाराष्ट्रात तिला कांडवेल म्हणतात आणि हाड मोडलं की तिचा लेप बांधतात, असं एकदा पुण्याहून आलेल्या एका पाहुणीनं सांगितलं होतं. नागलक्ष्मीला हसू आवरलं नव्हतं. खायची वस्तू पायाला बांधतात म्हणजे काय! तंजावुराकडे पिरंडैशिवाय श्राद्धाचं पान पुरं होत नाही. बाकीच्या घरांत तिची चटणी वाटतात. मराठी घरांत आंबट करतात, तुरीची डाळ, चिंच, गूळ, मिरची वर्ज्य म्हणून मिरं, आणि भरपूर तिळाचं तेल. बाजारात पिरंडैच्या जुड्या मिळतात, पण नागलक्ष्मीनं त्या कधी घेतल्या नाहीत. आदल्या दिवशी सकाळी टाउन बस पकडायची, वेण्णार नदीच्या बांधावर उतरायचं, हाताला तेल चोपडायचं आणि काटेरी कुंपणातून कोवळे शेंडे तेवढे खुडून आणायचे. तेल चोपडायचं, कारण ही वेल खाजरी. हात खाजतात ते वेगळंच, पण नीट परतली नाही तर घसा असा खाजतो, असा सुजतो की विचारू नका. कडांची नार, म्हणजे चिवट धागे, सोलायची, बारीक तुकडे करायचे आणि तेलात परतत राहायचं. आधी नुकत्या कापलेल्या गवताचा ओला वास येतो. बराच वेळ तोच येतो. मग एका क्षणी तो जातो आणि भाजल्या तिळासारखा वास सुटतो. तेव्हा चिंच घालायची, त्याआधी नाही. रंगावर जाऊ नकोस, असं कामाक्षीबाई बजावायच्या. कांडी वरून तपकिरी होते आणि आतून कच्चीच राहते.

श्राद्धाला जेवायला बसलेले ब्राह्मण मौनानं जेवतात. अन्नाला नावं ठेवायची नाहीत आणि वाखाणायचंही नाही. हवं असेल तर पानावर बोटानं खूण करायची, नको असेल तर तळहात आडवा धरायचा. म्हणजे रांधणारीनं चाखायचं नाही आणि जेवणाऱ्यानं बोलायचं नाही. अशा घरात एकदा चूक शिरली तर ती कुणाला कळणार? पण नागलक्ष्मीचं नाक होतं तोवर हा प्रश्नच कधी आला नव्हता.

करोनाच्या दुसऱ्या वर्षी ते नाक गेलं. बारा दिवस ती तापानं खोलीत पडून होती, शेजारीण दाराबाहेर पेजेचा डबा ठेवून जायची. ताप उतरला, अंगात थोडी ताकद आली, आणि एका सकाळी कॉफीच्या डिकाक्षनवर, त्या काळ्या अर्कावर, वाकली तेव्हा तिला काहीच आलं नाही. तिनं हिंगाची डबी उघडून नाकाला लावली. कापूर चुरगाळला. मग मीठ जिभेवर ठेवलं, गूळ ठेवला, दोन्ही चिकणमातीसारखे लागले. डॉक्टर म्हणाला, वास येईल हळूहळू, काहींना येतही नाही. तिनं सहा महिने वाट पाहिली. दर सकाळी हिंगाची डबी उघडायची आणि बंद करायची.

तिनं हे कुणालाही सांगितलं नाही. पोटाचा प्रश्न होता हे खरं, पण तेवढंच नव्हतं. सांगितलं असतं तर लोक चांगलेच वागले असते, हे तिला ठाऊक होतं. अय्यो म्हणाले असते, एक लुगडं आणि नारळ हातावर ठेवला असता आणि पुढच्या तिथीला केटरिंगवाल्याला बोलावलं असतं. त्या लुगड्याची तिला धास्ती होती. चाळीस वर्षं ज्या दारांतून ती मानानं आत गेली, त्या दारांत दयेनं उभं राहणं तिला जमणार नव्हतं. म्हणून ती डोळ्यांनी आणि कानांनी रांधायला लागली. मोहरी तडतडते ते ऐकू येतं, फेस बसतो तो दिसतो, मीठ मुठीला माहीत असतं. बहुतेक सगळं जमलं. जमतं आहे म्हणून ती निर्धास्त झाली, आणि पिरंडैही रंगावर उतरवायला लागली. बहुतेक घरांत कोवळ्या शेंड्यांवर ते निभावून गेलं, आणि ती शेवटी जेवायला बसायची तोवर पातेल्यात आंबट उरायचं नाही.

आता भीमसेनआचार्यांबद्दल सांगायला हवं. आचार्य पापनाशमला मुलाकडे राहायचे. मुलगा सुरेंद्र तिथल्या शाळेत गणित शिकवतो. तंजावुरात अनिरुद्धराव म्हणून एक निवृत्त प्राध्यापक आहेत, त्यांच्या वडिलांच्या, बाळकृष्णरावांच्या तिथीला आचार्य तीस वर्षं जेवायला यायचे. उंच, हाडापेराचा माणूस, अठ्ठ्याहत्तरीतही बसनं एकटा यायचा. दोन वर्षांपूर्वी अर्धांगाचा झटका येऊन गेला होता, त्यानं तोंड डावीकडे जरासं ओढलं गेलं आणि पाणी घोट घोट करून प्यावं लागायचं. पण जेवायला बसले की बघत राहावं. पिरंडैचं आंबट त्यांचं आवडतं. पानात संपलं की बोटाची खूण व्हायचीच, आणि स्वयंपाकघराच्या दाराआडून बघणाऱ्या नागलक्ष्मीला ती खूण एखाद्या पदकासारखी वाटायची.

नाक गेल्यावरच्या पहिल्याच तिथीला एक प्रसंग झाला होता. अनिरुद्धरावांकडे खिरीचं दूध आटत ठेवून नागलक्ष्मी शेजारीच कढीपत्ता निवडत बसली होती. दूध बुडाला लागलं. घरभर जळका वास सुटला, तिला मात्र पत्ता नाही. तेवढ्यात आचार्य दाराशी आले. आत न येता म्हणाले, "नागलक्ष्मी, चूल बारीक कर." ती दचकली, दूध उतरवलं आणि उगाच काहीतरी बोलली, सर्दी झाली आहे म्हणून. आचार्यांनी मान डोलावली आणि ते गेले. त्यानंतर ते याबद्दल कधीच काही बोलले नाहीत, आणि ती तो प्रसंग विसरूनही गेली.

या वर्षीच्या जानेवारीत बाळकृष्णरावांची तिथी आली. आदल्या दिवशी नागलक्ष्मी वेण्णारच्या बांधावर उतरली तर कुंपणच नाही. रस्ता रुंद करायला जेसीबीनं सगळं सपाट केलेलं, तांबड्या मातीत मुळं उलटी पडलेली. ती ऊन चढेपर्यंत हिंडली. शेवटी एका पडक्या वीटभट्टीच्या भिंतीवर वेल सापडली, पण जून, बोटाएवढ्या जाड कांड्यांची. या वर्षी पिरंडै नाही, असं सांगता आलं असतं. आळूचं आंबट केलं असतं तरी कुणी काही म्हणालं नसतं. पण बाळकृष्णरावांच्या पानावर आपण पिरंडै वाढली नाही, असं एक वर्ष आपल्या नावावर लागावं, हे तिला सोसेना. तिनं ती जून वेल पिशवीत भरली.

दुसऱ्या दिवशी तिनं कांड्यांची नार सोलली, तुकडे केले, तेलात टाकले. जून कांड्या लवकर तपकिरी झाल्या. तिनं चिंच ओतली.

पंगत बसली. तीन ब्राह्मण, मध्ये आचार्य. अनिरुद्धरावांनी वाढलं. नागलक्ष्मी दाराआड उभी होती. आचार्यांनी आंबटभाताचा पहिला घास घेतला आणि त्यांचा हात पानावरच थांबला. गळ्याची घाटी वरखाली झाली. त्यांनी फुलपात्रातून एक घोट घेतला, मग आणखी एक. डोळ्यांत पाणी आलेलं दिसलं. शेजारच्या दोघांनी आंबट एका कडेला सारून ठेवलं होतं. आचार्यांनी मात्र पानातलं संपवलं आणि बोटानं खूण केली, वाढा. पुन्हा संपवलं, पुन्हा खूण केली. तिसऱ्यांदा खूण केली तेव्हा अनिरुद्धरावांची बायको वरलक्ष्मी पातेलं तिरकं करून तळाचं वाढून आली आणि दाराशी हसत म्हणाली, "अक्का, आचार्यांनीं आम्हांस एक थेंब ठेवला नाहीं पाहा!"

त्या दिवशी नागलक्ष्मी टाउन बसमध्ये खिडकीशी बसून घरी आली आणि वाटभर तिच्या चेहऱ्यावर हसू होतं. नाक नसलं तरी हात आहे, असं तिच्या मनात आलं. ते हसू आठवलं की आजही तिला स्वतःच्या तोंडावर मारून घ्यावंसं वाटतं.

तीन दिवसांनी वरलक्ष्मीचा फोन आला. आचार्यांना कुंभकोणमच्या हॉस्पिटलात ठेवलंय, घशाला सूज, काही गिळवत नाही. पाणी पाजलं तर तेही श्वासनळीत गेलं. मग फुप्फुसात पू झाला. डॉक्टरांनी वयाचं कारण सांगितलं, जुन्या झटक्याचं सांगितलं, अशा माणसाचं गिळणं केव्हाही बिघडतं म्हणाले. दहाव्या दिवशी आचार्य गेले, तेही वरलक्ष्मीनंच फोन करून कळवलं. पिरंडैचं नाव कुणीच घेतलं नाही. फोन ठेवून नागलक्ष्मी बराच वेळ खोलीत उभीच राहिली. बसावं हे तिच्या ध्यानात आलं नाही.

पाचव्या दिवशी ती दुखवट्याला पापनाशमला गेली. सुरेंद्र चटईवर बसला होता, दाढी वाढलेली, अंगावर धोतर. त्यानं बायकोला आत जायला सांगितलं.

"अक्का, एक गोष्ट सांगायची आहे," तो म्हणाला. "अप्पांनीं तुमच्यासाठीं निरोप ठेवला आहे, पण आधीं हें सांगतों. माझ्या मनावर असतें तर निरोप दिला नसता."

"सांग, सुरेंद्रा."

"तुम्हांस वास येत नाहीं. चार वर्षं झालीं. खरें कीं नाहीं?"

तिनं होकाराची मान हलवली.

"अप्पांस ठाऊक होतें. खीर लागली त्या दिवशींच कळ्ळें त्यांस. दर वर्षीं अनिरुद्धरावांकडून आले म्हणजे दोन दिवस घसा धरून बसायचे. मध चाटायचे. मी म्हटलें, अप्पा, तें पिरंडै आलें कीं हात आडवा धरा, नोको म्हणा. तर म्हणाले, मी नोको म्हटलें तर तें उरेल, घरचे जेवतील. त्यांचा घसा खाजला तर ते काय गप्प बसणार? मग नागलक्ष्मीस कोण बोलावील?" सुरेंद्रनं तिच्याकडे पाहिलं. "म्हणून मागून मागून खायचे, अक्का. पातेलें रिकामें होईस्तोवर."

बाहेर कुणाची तरी मोपेड सुरू झाली आणि दूर गेली. नागलक्ष्मीला त्या तीन खुणा दिसत होत्या, पानावर टेकलेलं ते लांबट बोट. चाळीस वर्षांतलं तिचं सगळ्यांत मोठं पदक म्हणजे एक म्हातारा तिच्यासाठी मुकाट्यानं घसा सोलून घेत होता.

"मला कां नाहीं सांगितलें त्यांनीं?" ती कशीबशी म्हणाली.

"मीही तेंच विचारलें. म्हणाले, तीस वर्षं तिच्या हातचें जेवलों, आतां काय नांव ठेवूं." मग त्यानं देवाच्या फोटोमागून एक कागद काढला. हॉस्पिटलातल्या औषधांच्या चिठ्ठीची मागची बाजू. त्यावर आचार्यांनी तमिळ अक्षरांत मराठी लिहिलेलं होतं. सुरेंद्रनं वाचून दाखवलं. "सपिंडीस नागलक्ष्मी. पिरंडै पण."

कागदाची घडी घालत तो म्हणाला, "मला पटलें नाहीं. पण अप्पांचा शब्द मोडणार नाहीं. एवढेंच सांगतों, या वेळीं जर खाजलें…"

सपिंडी म्हणजे बारावा दिवस. त्या दिवशी गेलेल्या माणसाला त्याच्या बापाआजोबांत मिळवतात. पिंडाला पिंड जोडतात, ब्राह्मण जेवतात, आणि ते तृप्त होऊन उठले की तो जीव पितरांत जाऊन बसतो. पान उष्टं निघालं तर तो दारातच उभा राहतो. नागलक्ष्मीची श्रद्धा ही अशी. आता आचार्यांचं जाणं तिच्या पळीवर येऊन थांबलं होतं.

अकराव्या दिवशी सकाळी ती पापनाशमच्या पलीकडे कालव्याच्या काठाकाठानं हिंडली. नारळांच्या बागेच्या कुंपणावर पिरंडै मिळाली, कोवळी, मनासारखी. तिनं शेंडे खुडले. घाम आला म्हणून मनगटानं तोंड पुसलं आणि वेलीचा चीक ओठाला लागला. ओठ चरचरायला लागला. तिनं नकळत जीभ फिरवली, तर जीभही चरचरली, टोकापासून मागपर्यंत. ती कुंपणाशीच खाली बसली.

खाज ही चव नव्हे. मीठ कळत नव्हतं, गूळ कळत नव्हता, पण खाज कळत होती. चार वर्षं ती रंग बघत राहिली, आणि पारख तिच्या तोंडातच होती. कुठल्याही तिथीला पळीभर आंबट जिभेवर ठेवलं असतं तर त्या क्षणी कळलं असतं. पण तिनं ठेवलं नव्हतं, कारण ती कधी चाखत नव्हती, आणि चाखत नाही म्हणूनच तर तिचं नाव होतं. ती तिथे बसून रडली. पलीकडच्या शेतात रोपं लावणाऱ्या बायांनी एकदा तिच्याकडे पाहिलं आणि पुन्हा कामाला लागल्या.

बाराव्या दिवशी सुरेंद्रच्या परसात तिनं चूल मांडली. बाकीचं सगळं झालं. मग तेल तापवून पिरंडै टाकली. कांड्या हिरव्या होत्या, पोपटी झाल्या, तपकिरी झाल्या. तिनं वाफेवर तोंड धरलं. काही नाही. आत पुरोहितांचा आवाज चालू होता, गोत्र, नाव, बापाचं नाव. ती पळी हातात धरून उभी राहिली. चाखलं तर पान उष्टं, आणि न चाखता वाढलं तर कुणाचा तरी घसा. कामाक्षीबाई असत्या तर काय म्हणाल्या असत्या हे तिला नेमकं माहीत होतं, आणि पहिल्यांदाच तिला सासूचा राग आला. आचार्य काय म्हणाले असते तेही माहीत होतं. त्यांनी बोटानं खूण केली असती.

तिनं एक तुकडा पळीवर घेतला, फुंकला आणि तोंडात टाकला.

जीभ चरचरली. बाहेरून पूर्ण तपकिरी, आणि जीभ चरचरली. तिनं आणखी तेल सोडलं आणि परतत राहिली. पुन्हा तुकडा. आता थोडंसंच. पुन्हा परतलं, खांदा भरून आला. तिसरा तुकडा तिनं सावकाश चावला, जिभेवर इकडून तिकडे फिरवला, गिळला, आणि घशाकडे ध्यान लावून उभी राहिली. काही नाही. मग तिनं चिंच ओतली.

पानं मांडायची वेळ झाली तेव्हा ती ओसरीवर आली. पुरोहित होते, सुरेंद्र होता, तिघे ब्राह्मण पाय धुऊन येत होते.

"सुरेंद्रा, आंबट मीं चाखलें आहे," ती म्हणाली. आवाज ठीक निघाला. "तीनदां. खाजत नाहीं. पण उष्टें आहे."

सगळे थांबले. पुरोहितांनी तिच्याकडे पाहिलं, मग सुरेंद्रकडे. ते वाईट माणूस नव्हते, पण शास्त्र त्यांनी बनवलेलं नव्हतं. "मग तें पानावर येणार नाहीं," ते म्हणाले.

"कां सांगितलेंत?" सुरेंद्रचा आवाज चढला. "गप्प राहिलां असतां तर कोणास कळ्ळें असतें?"

"गप्प राहून राहूनच झालें कीं हें सगळें," नागलक्ष्मी म्हणाली.

पानं मांडली गेली. भात, वरण, केळीची भाजी, खीर, वडे, सगळं जागच्या जागी आलं. पिरंडैची जागा मोकळी राहिली. आचार्यांच्या नावानं बसलेला ब्राह्मण मौनानं जेवला. आतून बघणाऱ्या नागलक्ष्मीला त्या हिरव्या पानावरची तेवढी मोकळी जागा दिसत राहिली. मरणाऱ्या माणसानं लिहून मागितलेली एकच वस्तू, तीही त्याला मिळाली नाही. पिंड जोडले गेले. पुरोहित म्हणाले, झालं, मिळाले पितरांत. मिळाले असतील. तिला खात्री वाटेना, आणि आता ती कधीच वाटणार नव्हती.

पुरोहित तंजावुरचे होते. गोष्ट तिच्या आधी गावात पोचली. कुणी तिला रागावलं नाही, कुणी लुगडंही दिलं नाही. फक्त बोलावणी यायची थांबली. बाळकृष्णरावांच्या पुढच्या तिथीला केटरिंगवाला ठरला आहे, असं वरलक्ष्मीनं फोनवर फार गोड शब्दांत सांगितलं.

पण ते नंतरचं. त्या दुपारी ब्राह्मण उठले, घरचे जेवले, आणि सगळ्यांच्या शेवटी नागलक्ष्मी परसात पान घेऊन बसली. तिनं आंबटाचं पातेलं जवळ ओढलं. टाकून द्यायला तिचा हात होईना. तेवढ्यात सुरेंद्र आला आणि तिच्यासमोर जमिनीवरच बसला. त्यानं केळीच्या पानाचा एक तुकडा पुढे केला. तिनं वाढलं.

त्यानं पहिला घास सावकाश खाल्ला. थांबला. घशाला हात लावला, बापासारखाच, आणि वाट पाहिली. मग दुसरा घास घेतला.

"खाजत नाहीं," तो म्हणाला. त्याचा चेहरा वेडावाकडा झाला आणि तो लहान पोरासारखा रडायला लागला. "हें अप्पांस मिळायला पायजे होतें, अक्का."

नागलक्ष्मी जेवत राहिली. तोंडात भात होता, डाळ होती, चिंच असावी, काहीच लागत नव्हतं. घसा स्वच्छ होता. पानातलं संपलं तेव्हा सुरेंद्रनं डोळे पुसले, पळी हातात घेतली आणि विचारलं, "आणखीं वाढूं कां?" तिनं पानावर बोट टेकलं. त्यानं वाढलं, तिनं खाल्लं, आणि पातेलं रिकामं होईपर्यंत ती उठली नाही.